छत्तीस पावलांची बैठक

मराठी वाचक हायकूला एकांताची कविता म्हणून ओळखतो. तीन छोट्या ओळी, निसर्गातला एखादा क्षण आणि त्या क्षणापाशी थबकलेला एकटा कवी, हे चित्र शिरीष पै (१९२९–२०१७) यांच्या रचनांमुळे आणि त्यांच्या मागून लिहिणाऱ्या अनेकांमुळे मराठीत स्थिरावले आहे, आणि ते खोटेही नाही. मात्र ज्या रचनेतून हायकू सुटा झाला, ती रचना कधीच एकट्याची नव्हती. सतराव्या शतकातील जपानमध्ये तीन, चार, कधी आठ-दहा माणसे एका खोलीत बसत, एकाने रचलेल्या कडव्याला दुसरा आपले कडवे जोडी, त्याला तिसरा, आणि असे करत करत संध्याकाळ सरेपर्यंत छत्तीस किंवा शंभर कडव्यांची एक साखळी तयार होई. या साखळीतील पहिल्या कडव्याला ‘होक्कू’ म्हणत, आणि आजचा हायकू म्हणजे साखळीतून वेगळे काढलेले हे पहिले कडवेच होय. मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) हा जगभर हायकूचा महाकवी म्हणून ओळखला जात असला, तरी हयातीत त्याची ख्याती होती ती अशा बैठका चालवणारा गुरू म्हणून. शिष्यांनी नोंदवून ठेवले आहे की, होक्कू आपल्या तोडीचा रचणारे शिष्यांमध्ये पुष्कळ आहेत, पण कडव्याला कडवे जोडण्याची कला हाच या म्हाताऱ्याचा खरा गाभा आहे, असे तो म्हणत असे. ज्या कवीला एकांताचा प्रतिनिधी मानले जाते, तो स्वतःचे मोठेपण चारचौघांच्या खेळात शोधत होता, ही गोष्ट हायकूवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

या खेळाचे पूर्वरूप म्हणजे ‘रेंगा’, म्हणजे जोडकाव्य. जपानी कवितेतील प्राचीन ‘वाका’ या प्रकारात पाच ओळी असतात, पहिल्या तीन ५-७-५ मात्रांच्या आणि नंतरच्या दोन ७-७ मात्रांच्या. तीन ओळी एकाने आणि दोन ओळी दुसऱ्याने रचायच्या, ही मूळ कल्पना होती, आणि दोन ओळींवर न थांबता पुन्हा तीन, पुन्हा दोन असे पुढे जात राहिले की रेंगा तयार होतो. (जपानी मोजणी आपल्या अक्षरमोजणीपेक्षा मात्रांच्या जवळची आहे: ‘बाशो’ या नावाची दोन अक्षरे जपानी कानाला तीन भरतात, कारण शेवटचा ‘ओ’ दीर्घ आहे.) चौदाव्या शतकात या प्रकाराला राजदरबारी प्रतिष्ठा मिळाली, १३५६ मध्ये निजो योशिमोतोने त्याचा पहिला मोठा संग्रह सिद्ध केला, आणि १४८८ मध्ये सोगी, शोहाकू व सोचो या तिघांनी सम्राट गो-तोबाच्या स्मृतीला अर्पण करण्यासाठी मिनासे येथे रचलेली शंभर कडवी आजही या कलेचा आदर्श मानली जातात. या दरबारी रेंगाची भाषा मात्र अतिशय सोवळी होती. जुन्या वाकाकाव्यात जे शब्द आले असतील तेच वापरायचे, चिनी वळणाचे शब्द टाळायचे, बाजारातली किंवा स्वयंपाकघरातली वस्तू कवितेत येऊ द्यायची नाही, असा दंडक होता.

अशा शिस्तीची बैठक संपल्यावर मंडळी सैलावत, सोवळी भाषा बाजूला ठेवीत आणि थट्टेची, कधी ग्राम्य, कधी अश्लीलतेकडे झुकणारी कडवी जोडू लागत. या विनोदी जोडकाव्याला ‘हाइकाइ’ म्हणत. ते उतरवून घेण्याची चाल नव्हती. बोलायचे आणि सोडून द्यायचे, असाच त्याचा स्वभाव मानला जाई. सोळाव्या शतकात यामाझाकी सोकानने अशा कडव्यांचा संग्रह केला आणि इसे येथील देवस्थानाचा पुजारी आराकिदा मोरिताके याने १५४० मध्ये एकट्याने हजार हाइकाइ कडवी रचून, सोडून देण्याच्या या वस्तूलाही कलेची शिस्त लावता येते, हे दाखवले. मोरिताके देवाचा पुजारी होता आणि थट्टेच्या कवितेला त्याने देवाच्या सेवेइतकीच काळजी दिली. पुढील दीडशे वर्षांत या प्रकाराचे जे झाले, त्याचे बीज या वृत्तीत आहे.

हाइकाइला सर्वसामान्यांची कला बनवले ते क्योतोच्या मात्सुनागा तेइतोकूने (१५७१–१६५३). प्रत्येक कडव्यात निदान एक तरी शब्द असा असावा, जो दरबारी कवितेला वर्ज्य आहे, ही त्याची कसोटी. या एका नियमाने तंबाखू, वाळवलेली मासळी, नाणी, औषधे, व्यापाऱ्यांची बोली हे सारे कवितेत आले, आणि ज्यांचे आयुष्य या वस्तूंमध्ये जात होते ती माणसेही त्यांच्या मागोमाग आली. छपाईचा धंदा त्याच सुमारास भरभराटीला आला होता. १६७६ मध्ये ताकासे बाइसेइने कोणत्या शब्दाला कोणते शब्द जोडता येतात याचा मोठा कोशच प्रसिद्ध केला, म्हणजे घरी बसून अभ्यास करणाऱ्या दुकानदारालाही बैठकीत मागे पडण्याचे कारण उरले नाही. तेइतोकूनंतर ओसाकामध्ये निशियामा सोइनच्या पंथाने वेग आणि स्वैर कल्पना यांवर भर दिला, आणि त्या पंथातील इहारा साइकाकू (१६४२–१६९३) याने वेगाची परमावधी गाठली. पत्नीच्या मृत्यूनंतर १६७५ मध्ये त्याने एका दिवसात हजार कडवी रचली. १६७७ मध्ये एका अहोरात्रात १,६००, १६८० मध्ये ४,०००, आणि १६८४ मध्ये ओसाकाच्या सुमियोशी देवस्थानात २३,५०० कडवी. चोवीस तासांना भागल्यास एका कडव्याला चार सेकंदांपेक्षाही कमी वेळ पडतो. लेखनिकांना ती उतरवून घेणे अशक्य झाले, आणि त्या प्रचंड साखळीतले जवळजवळ काहीच शिल्लक राहिले नाही. हा पराक्रम थक्क करणारा असला तरी त्यात बैठकीतल्या सहभागी माणसांचे प्रेक्षक होऊन गेले होते, आणि जोडकाव्याचा जीव, म्हणजे दुसऱ्याच्या ओळीने आपल्याला अनपेक्षित ठिकाणी नेऊन सोडणे, त्यात उरला नव्हता. साइकाकूने पुढे आपली प्रतिभा गद्य कथांकडे वळवली, हे त्याच्या आणि जपानी साहित्याच्याही हिताचेच झाले.

बाशोच्या बैठकीचे सर्वांत आवडते रूप म्हणजे ‘कासेन’, छत्तीस कडव्यांची साखळी. प्राचीन काळातील छत्तीस श्रेष्ठ कवींच्या यादीवरून हे नाव पडले. ती लिहिण्यासाठी ‘काइशी’ नावाचे दोन कागद आडवे दुमडून घेत, आणि पहिल्या कागदाच्या दर्शनी बाजूला सहा, मागच्या बाजूला बारा, दुसऱ्याच्या दर्शनी बाजूला बारा व मागे सहा अशी कडवी लिहीत. रचनेची सारी चाल या चार पानांवर बेतलेली असे. पहिले पान म्हणजे घराचा ओटा: तिथे मृत्यू, आजार, प्रेम, धर्म यांसारखे विषय काढायचे नाहीत, बोलणे शांत आणि प्रसन्न ठेवायचे. मधल्या दोन पानांवर वाटेल ते घडू द्यायचे, आणि शेवटचे पान झरझर संपवायचे. संपूर्ण कासेनमध्ये चंद्र तीनदा आणि फूल दोनदा यावे, त्यांच्या जागाही साधारण ठरलेल्या: चंद्र पाचव्या, चौदाव्या आणि एकोणतिसाव्या कडव्यात, फूल सतराव्या आणि पस्तिसाव्यात. नुसता चंद्र म्हटला की तो शरदातला आणि नुसते फूल म्हटले की ते वसंतातले चेरीचे, असा संकेत होता. वसंत किंवा शरद एकदा आला की निदान तीन कडवी टिकवायचा, पाचांच्या पुढे न्यायचा नाही. ग्रीष्म आणि हेमंत एका कडव्यात संपले तरी चालतील, तिनांच्या पुढे जाऊ नयेत. प्रेमाचा विषय निघाला तर परंपरेने तो लगेच सोडता येत नसे. बाशोने मात्र ती अट सैल केली आणि एका कडव्यातही तो पुरेसा झाला तर पुढे जावे, असे सांगितले.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच नियम आहे आणि तो फार कठोर आहे. प्रत्येक कडव्याने आपल्या लगतच्या आधीच्या कडव्याशी नाते जोडायचे, पण त्याच्याही आधीच्या कडव्याशी सर्व संबंध तोडायचा. दुसऱ्या कडव्यात शेतकरी आला असेल आणि तिसऱ्यात त्याचे शेत, तर चौथे कडवे शेताला धरून असले तरी शेतकऱ्याकडे परत जाता कामा नये. यामुळे साखळीत कथानक तयार होत नाही, एक विषय राहत नाही, एक भाव टिकत नाही. प्रत्येक कडवे दोनदा वाचले जाते आणि दोन वेळा त्याचा अर्थ वेगळा होतो, एकदा आधीच्याच्या उजेडात आणि एकदा नंतरच्याच्या. कासेन म्हणजे छत्तीस पावले, त्यातले एकही मागे टाकायचे नाही, असे बाशोचे म्हणणे शिष्य हात्तोरी दोहोने लिहून ठेवले आहे. रचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा नियम विलक्षण उदारपणाची मागणी करतो, कारण आपण ज्या अर्थाने कडवे रचले तो अर्थ पुढच्या माणसाच्या हाती देऊन टाकायचा असतो आणि त्याने त्याचे काहीही केले तरी तक्रार करायची नसते.

बैठकीला ‘झा’ म्हणत. तिथे एक गुरू असे आणि एक लेखनिक असे. लेखनिक छोट्या बैठ्या मेजापाशी बसे, आलेले कडवे नियमांना धरून आहे की नाही ते पाही, चंद्र फार लवकर तर आला नाही ना, तोच शब्द दोन कडव्यांपूर्वी येऊन गेला आहे का, हे तपासे, आणि गुरूने मान्य केले की ते मोठ्याने वाचून कागदावर उतरवी. मान्य न झालेले कडवे परत जाई. त्यात अपमान मानत नसत. पहिले कडवे पाहुण्याने रचायचे, त्यात ऋतू आणि त्या जागेची काहीतरी खूण आणायची, आणि दुसरे कडवे यजमानाने रचून त्या पाहुण्याचे स्वागत करायचे. फुलाची जागा एखाद्या मान्यवराला आपणहून सोडायची. प्रत्येकाचे काव्यनाम असे आणि बैठकीत त्याच नावाने हाक मारली जाई. बाशोच्या काळातला, म्हणजे तोकुगावा राजवटीतला समाज सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशा घट्ट थरांत बांधलेला होता, कोणी कोणापुढे किती वाकायचे हेही ठरलेले होते, आणि त्याच समाजात काव्यनाम घेतलेला तांदळाचा व्यापारी, वैद्य आणि सामुराई एका कागदावर एकाखाली एक लिहीत होते. यामुळे समाज बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण बैठक उठली की प्रत्येक जण आपापल्या थरात परत जाई. परंतु त्या चार-पाच तासांत माणसाची किंमत त्याच्या कडव्यावरून ठरत होती, आणि ज्यांनी ते अनुभवले त्यांनी त्यासाठी आयुष्यभर पैसा, वेळ आणि कधी कधी प्रतिष्ठाही खर्च केली.

हा खेळ प्रत्यक्षात कसा चालत असे, ते १६९० च्या उन्हाळ्यात क्योतोमध्ये रचलेल्या एका कासेनवरून उत्तम समजते. ते पुढच्या वर्षी ‘सारुमिनो’ या संग्रहात प्रसिद्ध झाले. बैठकीत तिघेच होते: बाशो, वैद्यकी करणारा बोन्चो, आणि नागासाकीच्या वैद्यघराण्यात जन्मून शस्त्रविद्या शिकलेला क्योराइ. प्रत्येकाच्या वाट्याला बारा कडवी आली. बोन्चोने सुरुवात केली ती शहराच्या वस्तीतल्या कोंदट वासांनी आणि वर आलेल्या उन्हाळी चंद्राने. म्हणजे पाचव्या जागेचा चंद्र त्याने पहिल्याच कडव्यात वर ओढून घेतला, आणि तोही शरदातला नव्हे. बाशोने त्या वासांना आवाज जोडला: दारोदारी उकाड्याने हैराण झालेल्या लोकांची कुरकुर. क्योराइने तो उकाडा शहराबाहेर शेतावर नेला, जिथे दुसरी निंदणी उरकण्याआधीच भाताला लोंब्या आल्या आहेत. चौथ्या कडव्यात बोन्चोने त्या घाईतल्या शेतकऱ्याचे जेवण दाखवले, निखाऱ्यावर भाजलेला आणि राख झटकलेला एक सुका मासा. इथपर्यंत सर्व काही एका दिशेने चालले आहे असे वाटते, आणि इथेच बाशो दिशा बदलतो. पाचव्या कडव्यात तो शेतकऱ्याला सोडून देतो आणि मासा तेवढा ठेवतो: हा मासा आता आडवळणाच्या गावातल्या एखाद्या खाणावळीतला आहे, आणि समोर एक वाटसरू तक्रार करतो आहे की इथल्या लोकांना चांदीचे नाणेसुद्धा ओळखता येत नाही, काय ही गैरसोय. क्योराइ त्या वाटसरूकडे नीट पाहतो आणि त्याच्या कमरेला भलतीच लांब तलवार लटकवतो. तक्रार करणारा माणूस आता ऐट मारणारा कोणी गुंड, जुगारी वाटू लागतो. सातव्या कडव्यात बोन्चो त्या ऐटबाज माणसाला संध्याकाळच्या गवतात बेडकाला पाहून दचकायला लावतो. हशा पिकला असेल तर तो इथे. पण आठव्या कडव्यात बाशो तलवारवाल्याला दूर सारतो. दचकणारी व्यक्ती आता हाती दिवा घेऊन रानभाजीचे कोंब खुडायला निघालेली कोणी स्त्री आहे, आणि दचकल्यामुळे तिचा दिवा विझतो. अवघ्या आठ कडव्यांत शहर, शेत, खाणावळ, गुंड आणि विझलेला दिवा, एवढे अंतर तिघांनी मिळून कापले आहे, आणि त्यांपैकी एकालाही ते एकट्याने कापता आले नसते, कारण प्रत्येक वळण दुसऱ्याच्या ओळीतल्या अशा गोष्टीवर उभे आहे जी तिच्या कर्त्याला ठाऊक नव्हती.

‘सारुमिनो’चे संपादन क्योराइ आणि बोन्चो यांनीच केले. बोन्चोची पत्नी उको हीही कवयित्री होती आणि तिची कडवी या संग्रहात आहेत. ओत्सूची चिगेत्सू आणि ओसाकाची सोनो-जो याही बाशोच्या वर्तुळातल्या मान्य कवयित्री होत्या. अर्थात अशा स्त्रियांची संख्या थोडी होती.

अनोळखी माणसांमध्ये हा खेळ कोणत्या वेगाने आपलेपणा निर्माण करी, याचे उदाहरण म्हणजे १६८४ च्या हिवाळ्यातील नागोयाच्या बैठका. बाशो प्रवासात फाटक्या वेशात तिथे पोहोचला आणि यासुइ हा कापडव्यापारी, काकेइ हा वैद्य, जूगो हा लाकडाचा व्यापारी आणि तोकोकू हा तांदळाचा व्यापारी यांच्याबरोबर त्याने पाच कासेन रचली. ती ‘फुयू नो हि’, म्हणजे ‘हिवाळ्याचे दिवस’, या नावाने प्रसिद्ध झाली आणि बाशोची स्वतंत्र शैली इथून सुरू झाली असे मानतात. पहिल्या कडव्यात बाशोने स्वतःची तुलना त्या काळच्या एका लोकप्रिय विनोदी कथेतल्या चिकुसाइ या भणंग भोंदू वैद्याशी केली. यजमान यासुइने उत्तरादाखल, हा कोण आला, असे विचारत त्या पाहुण्याच्या प्रवासी टोपीवर कामेलियाच्या जातीची उडून आलेली फुले पाहिली. पाहुण्याने स्वतःला विदूषक केले आणि यजमानाने त्या विदूषकावर फुले उधळली. ओळख होण्याचा याहून सुंदर प्रकार साहित्यात क्वचितच सापडेल. यांपैकी तोकोकूवर पुढच्याच वर्षी संकट आले. कोठारात नसलेला तांदूळ विकल्याच्या आरोपावरून त्याला नागोयातून हद्दपार करण्यात आले. १६८७ मध्ये बाशो वाट वाकडी करून त्याला भेटायला इरागो भूशिराजवळच्या होबी गावी गेला, पुढच्या वसंतात दोघे योशिनोची चेरीची फुले पाहायला बरोबर गेले, आणि १६९० मध्ये तोकोकू मरण पावल्यानंतर बाशो त्याच्या स्वप्नाने रडत जागा झाला, अशी नोंद त्याच्या दैनंदिनीत आहे.

एकट्याची कविता आणि बैठकीतली कविता यांतला फरक एका शब्दात दिसतो तो १६८९ च्या उत्तरेकडील प्रवासात, ज्यावर ‘ओकू नो होसोमिची’ हे प्रसिद्ध प्रवासकाव्य आधारलेले आहे. मोगामी नदीकाठच्या ओइशिदा या गावात इचिएइ नावाच्या नौकाव्यवसायी गृहस्थाकडे बाशो आणि त्याचा सोबती सोरा उतरले. तिथल्या हौशी कवींना मार्गदर्शन हवे होते, म्हणून बाशोने त्यांच्याबरोबर एक कासेन रचले, आणि त्याचे स्वतःच्या हाताने लिहिलेले हस्तलिखित आजही उपलब्ध आहे. पहिल्या कडव्यात पावसाळ्यातले पाणी गोळा करून वाहणारी मोगामी नदी आहे, आणि तिला त्याने ‘शीतल’ म्हटले आहे, कारण नदीकाठच्या घरात उन्हाळ्यात मिळालेल्या गारव्याबद्दल यजमानाचे आभार मानायचे होते. पुढे तेच कडवे प्रवासकाव्यात घेताना त्याने ‘शीतल’ काढून ‘वेगवान’ असा शब्द घातला, कारण तिथे यजमान समोर नव्हता, पुराने भरलेल्या नदीत नावेने उतरण्याचा धोका समोर होता. जगभरच्या वाचकांना ठाऊक आहे ती दुसरी नदी, आणि ती अधिक भव्य आहे यात शंका नाही. पण पहिली नदी इचिएइच्या ओसरीवरून दिसणारी होती, आणि ती त्याच्या हाती देण्यासाठीच रचली गेली होती.

अशा खेळाभोवती पैसा न जमता तरच नवल. कडव्यांना गुण देणारे परीक्षक गावोगावी निर्माण झाले, गुणांसाठी शुल्क आणि जिंकणाऱ्यांसाठी बक्षिसे आली. बाशोला हे रुचत नव्हते. तरी १६९२ मध्ये झेझे येथील सामुराई शिष्य क्योकुसुइ याला लिहिलेल्या पत्रात त्याने हाइकाइ करणाऱ्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत, आणि गुणांसाठी धडपडणाऱ्यांना सर्वांत खालच्या वर्गात बसवूनही त्यांच्याविषयी असे म्हटले आहे की, ते निदान परीक्षकाच्या बायकामुलांचे पोट भरतात आणि त्याच्या घरमालकाला भाडे मिळवून देतात, तेव्हा वाईट कामे करण्यापेक्षा हे बरेच. ही क्षमाशीलता वरवरची नाही. ज्याने आयुष्य या खेळाला वाहिले होते, त्याला खेळातल्या कच्च्या गड्यांचीही कदर होती. गुणांच्या या चढाओढीतूनच पुढे आणखी एक काव्यप्रकार जन्मला. एदो शहरात १७५७ पासून काराइ सेनर्यू (१७१८–१७९०) हा परीक्षक दोन ओळी देऊन त्यांना तीन ओळी जोडण्याच्या स्पर्धा चालवी, म्हणजे आपल्याकडच्या समस्यापूर्तीच्या जवळचाच प्रकार; १७६५ मध्ये त्याने निवडलेल्या तीन ओळी दिलेल्या ओळींवाचून छापल्या गेल्या, आणि माणसांच्या स्वभावावर बोट ठेवणाऱ्या या विनोदी लघुकवितेला त्याचेच नाव मिळाले.

या मंडळींत भांडणेही होती. बोन्चो पुढे बाशोपासून दुरावला आणि त्याला तुरुंगवासही घडला. १६९४ च्या शरदात बाशो ओसाकाला गेला तो शिदो आणि शादो या दोन शिष्यांमधील वाद मिटवण्यासाठी. तिथेच तो आजारी पडला आणि ती त्याची शेवटची यात्रा ठरली. बैठकीतली कविता टिकवायची तर आधी बैठक टिकवावी लागते, आणि बाशोने हे काम कवितेपेक्षा कमी दर्जाचे मानले नाही. दोहोने त्याचे आणखी एक म्हणणे टिपले आहे: मेजावरून खाली उतरवला की लिहिलेला कागद रद्दी झाला. छापील संग्रहांची काळजी घेणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य विसंगत वाटेल, पण त्याचा रोख स्पष्ट आहे: कविता घडते ती माणसे समोरासमोर असताना, आणि कागद ही तिची नोंद.

तथापि समोरासमोर असणे हेही अपरिहार्य नव्हते. चित्रकार-कवी योसा बुसोन (१७१६–१७८४) आणि त्याचा शिष्य ताकाइ कितो यांनी १७८० मध्ये ‘मोमोसुमोमो’ या नावाने प्रसिद्ध केलेली दोन कासेने पत्रांतून रचलेली आहेत. एक कडवे पाठवायचे, उत्तराची वाट पाहायची, आलेले कडवे पसंत पडले नाही तर तसे कळवायचे, पर्याय मागवायचे, असे महिनोन्‌महिने चालले. साइकाकूच्या चार सेकंदांच्या तुलनेत ही गती गोगलगायीची होती, आणि तरीही खेळ तोच होता, कारण पुढचे पाऊल दुसऱ्याच्याच हाती होते.

आधुनिक काळात या परंपरेवर घाव घातला तो हायकूला नवे जीवन देणाऱ्या मासाओका शिकीने (१८६७–१९०२). १८९३ मध्ये बाशोवर लिहिलेल्या लेखमालेत त्याने निर्णय दिला की होक्कू हे साहित्य आहे, जोडकाव्य साहित्य नव्हे. एका व्यक्तीच्या भावनेचा एकसंध आविष्कार म्हणजे साहित्य, अशी जी कल्पना त्या काळी युरोपातून जपानमध्ये येत होती, तिच्या कसोटीला छत्तीस दिशांनी पळणारी आणि तिघा-चौघांनी रचलेली कविता उतरणे शक्यच नव्हते. शिकीने होक्कूला साखळीतून सोडवले म्हणून तो जगभर जाऊ शकला, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. पण ज्या कसोटीने त्याने बाशोच्या निम्म्याहून अधिक कामाला साहित्याबाहेर काढले, ती कसोटीच अपुरी होती. त्याचा शिष्य ताकाहामा क्योशी याने पुढे जोडकाव्याची बाजू घेतली आणि त्यासाठी ‘रेंकू’ हे नाव रूढ केले. भौतिकशास्त्रज्ञ तेरादा तोराहिको (१८७८–१९३५) मित्रांबरोबर रेंकू रचत असे आणि त्याची तुलना चित्रपटातल्या दृश्यांच्या जोडणीशी करत असे.

जपानबाहेर या खेळाचा सर्वांत धाडसी प्रयोग १९६९ च्या वसंतात पॅरिसमध्ये झाला. मेक्सिकोचे ओक्ताव्यो पाझ, फ्रान्सचे जाक रूबो, इटलीचे एदोआर्दो सांग्विनेती आणि इंग्लंडचे चार्ल्स टॉमलिन्सन हे चार कवी एका हॉटेलच्या तळघरात पाच दिवस बसले आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहीत एक चतुर्भाषिक रेंगा सिद्ध केला, जो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाझ हे १९६२ ते १९६८ या काळात दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते आणि त्याआधीच, १९५७ मध्ये, बाशोच्या प्रवासकाव्याचा स्पॅनिश अनुवाद त्यांनी हायाशिया एइकिची यांच्या साहाय्याने केला होता. इतरांच्या देखत लिहिताना वाटणारा संकोच त्यांनी मोकळेपणाने मांडला आहे, आणि तो संकोच समजण्यासारखा आहे, कारण पाश्चात्त्य कवीला खोलीचे दार बंद करून लिहिण्याची सवय होती.

मराठीत हायकू आला तो शिकीने सोडवलेल्या रूपात, म्हणजे बैठकीशिवाय. त्यामुळे मराठी हायकूचे काही बिघडले असे नाही. शिरीष पै यांनी त्याला स्वतःचा सूर दिला. पण चारचौघांत ओळीला ओळ जोडणे मराठीला परके मुळीच नाही. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी एकीच्या ओवीला दुसरीची ओवी जोडत आल्या, आणि कलगी-तुऱ्याच्या फडांत सवालाला जवाब देणारी शाहिरी रात्र रात्र रंगत आली. रेंकू या दोहोंपेक्षा वेगळा पडतो तो दोन बाबतींत. कलगी-तुऱ्यात समोरच्याला निरुत्तर करायचे असते; रेंकूत समोरच्याला बोलायला जागा ठेवायची असते, आणि ज्या कडव्याला पुढे काहीच जोडता येत नाही ते कितीही सुंदर असले तरी वाईट कडवे समजतात. दुसरे म्हणजे आपल्या अभंगाला, भारुडाला, गाण्याला ध्रुवपदाकडे परत येण्याची ओढ असते आणि रेंकूत परत येणेच वर्ज्य आहे. मराठी कवींना बहुधा हाच नियम सर्वांत जड जाईल. ऋतूंच्या बाबतीत मात्र फारसे अडू नये. शरदाच्या चंद्राला जपानइतकाच मान देणारी कोजागरी आपल्याकडे आहे, चेरीच्या जागी आंब्याचा मोहर किंवा पळस बसू शकतो, आणि मृग, पोळा, हुरडा यांसारखे शब्द उच्चारताच वर्षाचा नेमका काळ उभा करतात. जपानला नसलेला चार महिन्यांचा पावसाळा किती कडवी टिकू द्यायचा, एवढे ठरवावे लागेल. छत्तीस कडवी पहिल्या प्रयत्नाला जास्त वाटली, तर जपानी परंपरेत अठरा कडव्यांचे अर्धे कासेनही आहे. ते एका काइशीच्या दोन बाजूंवर मावते, एका संध्याकाळी पुरे होते, आणि त्याला तीन माणसे पुरतात. ‘सारुमिनो’तल्या त्या उन्हाळी कासेनलाही तीनच होती.